नॉन-जीएम सोयाबीन, तांदूळ परदेशी पाठवताय? या चुका टाळा

जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, सोयाबीन किंवा तांदूळ लावायला आपल्याकडे परवानगीच नाही, म्हणजे आपला माल आपोआप नॉन-जीएम. माल पाठवणारे बरेच जण या एका वाक्यावर विसंबून कंटेनर भरतात. 2021 मध्ये काय झालं ते आठवा. भारतातून युरोपात सुमारे 500 टन तांदळाची कणी गेली होती. तिच्या पिठात जीएम अंश सापडल्याचं फ्रान्सने जूनमध्ये कळवलं आणि ते पीठ वापरलेली चॉकलेटं बाजारातून परत मागवली गेली. भारतात जीएम तांदूळ पिकतच नाही, भेसळ तिकडे प्रक्रियेत झाली असावी, असं आपल्या सरकारने सांगितलं. ते खरंही असेल. पण खरेदीदार बोट दाखवतो ते पाठवणाऱ्याकडेच.

0.9 टक्के म्हणजे सूट नव्हे

युरोपात नकळत मिसळलेला जीएम अंश 0.9 टक्क्यापर्यंत असला तर लेबलवर लिहावं लागत नाही, हे ऐकून अनेकांना हायसं वाटतं. पण ही सवलत युरोपने मंजूर केलेल्या जीएम वाणांपुरती आहे. नामंजूर वाणाचा अंश खाद्यमालात सापडला, तर मर्यादा शून्य. युरोपने एकही जीएम तांदूळ मंजूर केलेला नाही, म्हणूनच तांदळात धोका जास्त. चीनने 2013 च्या अखेरीस अमेरिकेचा मका असाच परत पाठवायला सुरुवात केली. तो वाण अमेरिकेत मंजूर होता, चीनमध्ये नव्हता, एवढंच कारण.

खरी भेसळ सरकीतून

विदर्भ-मराठवाड्यात याकडे फार कमी लक्ष जातं. 2002 साली मंजूर झालेला बीटी कापूस हे आपलं मोठ्या प्रमाणावर पिकणारं एकमेव जीएम पीक. काल ज्या ट्रकमधून सरकी गेली, त्याच ट्रकमध्ये आज सोयाबीन भरतात. ताडपत्री तीच, गोदाम तेच, कधी कधी बारदानही तेच. प्रयोगशाळेतली प्राथमिक पीसीआर (डीएनए शोधणारी) चाचणी बहुतेक जीएम पिकांत सापडणारे सामाईक डीएनए तुकडे शोधते. ते सरकीच्या धुळीतून आले की सोयाबीनमधून, हे ती सांगत नाही. सोयाबीन शुद्ध असूनही अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो तो असा. तेव्हा घाबरून लॉट मिळेल त्या भावात विकून टाकू नका; कापसाचा डीएनए वेगळा तपासून मागा. आणि पुढच्या वेळी ट्रक झाडून घ्या, बारदान नवं वापरा.

आणखी एक: 2021 मध्ये सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. आयात पेंड ठेवलेल्या गोदामात निर्यातीचा माल उतरवण्याआधी चौकशी करा.

मूठभर नमुना

वरच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून पाठवले, तर ती तपासणी नव्हेच. हजारात एक दाणा जीएम असेल, तर 300 दाण्यांचा नमुना चारपैकी साधारण तीन वेळा स्वच्छच निघेल. 95 टक्के खात्री हवी असेल, तर 3,000 दाणे लागतात, म्हणजे सोयाबीनचे साडेतीनशे-चारशे ग्रॅम, तेही सगळ्या थप्प्यांतून थोडे थोडे काढून. स्वस्त पट्टी चाचणी जीएम दाण्यातलं खास प्रथिन शोधते. पेंड तापवताना ते प्रथिन मोडतं, त्यामुळे पेंडीसाठी पट्टीवर विसंबू नका.

‘इथे चालतं, तिथेही चालेल’

काही जनुक-संपादित (बाहेरचं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात बदल केलेल्या) वाणांना आपण 2022 मध्ये जैवसुरक्षा नियमांतून सूट दिली. युरोपीय न्यायालयाने मात्र 2018 मध्ये अशा पिकांना जीएमचेच नियम लावले. हे नियम बदलत असतात, तेव्हा सौदा करताना खरेदीदाराला आजची स्थिती लेखी विचारा.

आयात करणाऱ्यांसाठीही: मार्च 2021 पासून भारतात येणाऱ्या 24 अन्नपिकांच्या खेपेसोबत नॉन-जीएम प्रमाणपत्र लागतं, नकळत मिसळीची मर्यादा 1 टक्का. कागद माल निघण्याआधी तयार ठेवा, बंदरावर धावपळ नको.

करारात चाचणी कुठे, कोणत्या पद्धतीने आणि वाद झाला तर कोणाचा अहवाल अंतिम, हे लिहून घ्या. लोडिंगच्या वेळीच दोघांच्या सहीने नमुना सील करा, आणि पैसे हातात पडून तक्रारीची मुदत संपेपर्यंत ती पिशवी कपाटातून हलवू नका.