गरम पाण्यात साखर, मीठ आणि सोड्यातला गॅस: काय किती विरघळतं ते घरीच करून बघा

लिंबू सरबतात आधी बर्फ टाकला आणि नंतर साखर, तर कितीही ढवळा, शेवटच्या घोटाला तळाची साखर तोंडात येतेच. गरम पाण्यात लवकर विरघळतं हे सगळ्यांनाच माहितीये, पण यात दोन गोष्टी एकत्र होतात, किती पटकन विरघळतं ही एक आणि एकूण किती विरघळू शकतं ही दुसरी, आणि मुलांना हा फरक नीट कळावा असं मला खूप वाटतं.

आधी वेगाचं बघू. तीन सारखे काचेचे ग्लास घ्या, एकात फ्रिजचं पाणी, एकात नळाचं साधं, एकात नुकतंच उकळून उतरवलेलं. गरम पाणी ओतण्याआधी ग्लासात कोमट पाणी फिरवून घ्या नाहीतर तडकतो, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. आता दोऱ्याची खडीसाखर आणा, सारख्या आकाराचे तीन खडे दोऱ्यासकट घ्या, दोरा पेन्सिलीला बांधून पेन्सिल ग्लासावर आडवी ठेवा म्हणजे खडा पाण्यात मधोमध लटकेल. मोबाईलवर टायमर लावा. ढवळायचं अजिबात नाही, कारण ढवळण्यानेही वेग वाढतो, मग फरक पाण्याच्या गरमपणाने पडला की चमच्याने ते कळणारच नाही.

आता डोळा खड्याच्या लेव्हलला आणा आणि ग्लासाच्या मागे उजेड येऊ द्या. खड्याच्या खालून बारीक थरथरणारे दोरे उतरताना दिसतील, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते ना, अगदी तसे. ते साखरेचं दाट पाणी आहे, जड म्हणून खाली जातंय. गरम ग्लासात हे दोरे जाड आणि भरभर पडतात, खड्याचे कोपरे बघता बघता गोल होतात, फ्रिजच्या पाण्यात मात्र धार बारीक आणि संथ. गरम पाण्याचे रेणू जोरात हलत असतात, खड्यावर जास्त जोराने आदळतात, साखर सुटी करून पुढे नेतात.

दुसरा प्रयोग, किती मावतं त्याचा. किचनचा वजनकाटा हवा. 100 मिली साध्या पाण्यात थोडं थोडं मीठ घालून ढवळत जा, साधारण 36 ग्रॅमला ते थांबतं, पुढचं मीठ तळाशी बसून राहतं. आता पाणी उकळेपर्यंत तापवा. मला वाटायचं बरंच मावेल, पण जेमतेम 39 ग्रॅमपर्यंतच जातं! म्हणजे गरम पाण्यात मीठ पटकन विरघळतं, पण फारसं जास्त विरघळत नाही. साखरेचं उलट, 20 अंशाच्या 100 मिली पाण्यात सुमारे 200 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात साडेचारशेच्याही वर, आणि म्हणूनच गुलाबजामचा पाक जमतो आणि फार घट्ट झालेला पाक गार झाला की साखरतो, मावेनाशी झालेली साखर बाहेर पडते. खडीसाखर बनते तीही अशीच.

सरबतासाठी याचा थेट उपयोग आहे. 100 मिली पाण्याला 150 ग्रॅम साखर घेऊन गरम करून विरघळवा, गार झाल्यावर बाटलीत भरा. फ्रिजमधल्या थंड पाण्यातही 100 मिलीला 180 ग्रॅमच्या आसपास साखर मावते, त्यामुळे हा पाक फ्रिजमध्ये साखरत नाही, आणि मग बर्फ आधी टाका की नंतर, काही फरक पडत नाही. फक्त गरम पाकापासून मुलांना लांब ठेवा, अंगावर उडाला तर तो चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा जास्त भाजतो.

काही गोष्टी उलट्या वागतात. चुन्याची निवळी तापवली तर गढूळ होते, कारण चुना गार पाण्यात जास्त विरघळतो. गॅसचंही तसंच. थंड सोडा दोन ग्लासांत ओता, एक ग्लास गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवा, त्यातले बुडबुडे लगेच उसळतील आणि सोडा लवकर मवाळ होईल. चहाचं पाणी उकळायच्या बरंच आधी पातेल्याच्या कडेला जे मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरतात ती पाण्यात विरघळलेली हवाच. 0 अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण 14.6 मिलीग्रॅम ऑक्सिजन राहतो, 30 अंशाला साडेसातच. घरी फिशटँक असेल तर मे महिन्यात तो खिडकीच्या उन्हातून हलवा आणि एअर पंप दुपारी बंद करू नका.