आदिवासी समाजांवर संशोधन करताना या चुका टाळा

शोधूनही काही सापडत नाही?

ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘सामी’ (उत्तर युरोपातले आदिवासी) हा शब्द टाकला आणि जेमतेम दोन-चार पुस्तकं निघाली, तर साहित्यच नाही असं समजू नका. जुन्या नोंदी ‘लॅप’ आणि ‘लॅपलँड’ या नावांखाली आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांवरचं जुनं लेखन ‘एस्किमो’खाली सापडतं, अमेरिकेतल्या दिने लोकांवरचं ‘नवाहो’खाली. ही नावं बाहेरच्यांनी ठेवलेली, आणि त्यांतली काही त्या लोकांना अपमानास्पद वाटतात. शोधताना सगळी नावं वापरा. लिहिताना लोक स्वतःला जे म्हणवतात तेच. जुनं नाव फक्त अवतरणात राहू द्या.

एकाच बाजूचा कागद वाचणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि अनुभवी अभ्यासकांकडूनही होते. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी आणि ब्रिटिश यांच्यातला १८४० चा वैतांगी करार घ्या. इंग्रजी मसुदा म्हणतो, माओरी प्रमुखांनी सार्वभौमत्व ब्रिटिश राणीला दिलं. माओरी मसुद्यात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आहे, म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार. जमीन, गावं आणि मौल्यवान ठेवा यांवरची ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण सत्ता, प्रमुखांकडेच राहील असं वचन त्यात आहे. पाचशेहून अधिक प्रमुखांनी सह्या केल्या. त्यांतल्या इंग्रजी मसुद्यावर अवघ्या ३९. तेव्हा इंग्रजी प्रत तेवढी वाचून ‘माओरींनी सत्ता सोडली’ असं लिहिणं म्हणजे बहुतेकांनी सहीच न केलेला कागद त्यांच्या माथी मारणं.

शिक्षणाचंही तेच. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांच्या सरकारी कागदपत्रांत पटसंख्या आणि खर्च मिळेल. मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना झालेली शिक्षा समजायची तर या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगापुढच्या साक्षी वाचाव्या लागतात. आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. साक्षी वाचणं जड जातं, तरी वाचाच. आणि तिथेच थांबू नका, नाहीतर तुमच्या लेखनात हे लोक फक्त जखमी म्हणून उरतील. माओरींनी १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ सुरू केल्या. या बालवाड्यांत लहानग्यांच्या कानावर दिवसभर माओरीच पडते. लोकांनी स्वतः उभं केलेलं शिक्षण अभ्यासायचं तर सुरुवात इथून करा.

जाहीरनाम्याला कायदा समजणं

आदिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्याचं वजन मोठं आहे, पण तो करारासारखा बंधनकारक नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा करार क्रमांक १६९ मात्र त्याला मान्यता देणाऱ्या देशांवर बंधनकारक आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

एका सहीवर सगळं चालतं असं मानणं

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण फार होतं. कारण कळेल या आशेने १९९० पासून त्यांनी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचा आणि पूर्वजांच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. आपला जन्म याच दरीतला, अशी या लोकांची श्रद्धा. तिला छेद देणारे निष्कर्ष त्यांच्याच रक्तातून काढले गेले आणि त्यांना ठाऊकही नव्हतं. खटला चालला. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत दिले.

म्हणून संमतीपत्रात ‘इतर अभ्यासासाठी’ असा मोघम शब्द ठेवू नका. नव्या प्रश्नासाठी नव्याने विचारा, आणि व्यक्तीबरोबर समाजाच्या पंचांनाही विचारा. कॅनडात १९९८ पासून यासाठी चार तत्त्वं रूढ आहेत: माहितीची मालकी, तिच्यावर नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणं, हे चारही समाजाकडेच. आधीच गोळा केलेल्या मुलाखती हाताशी असतील आणि संमती कशासाठी घेतली होती ते स्पष्ट नसेल, तर त्या बाजूला ठेवा, परत जा, विचारा. नकार मिळाला तर ते प्रकरण गाळा.