बसून चालवायचा लॉनमोअर जागचा हलेना, तर

मोठ्या आवाराचे घर घेतले, की बसून चालवायचा लॉनमोअर बहुतेकांकडे जुन्या मालकाकडूनच येतो, आणि नवीन माणसाला त्याची आधीची निगा कशी राखली गेली हे ठाऊक नसते. असा मोअर चढावर थबकला, की ‘ट्रान्समिशन गेले’, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा निकामी झाली, हा निकाल लगेच ऐकायला मिळतो. नवे ट्रान्समिशन बसवण्याचा खर्च पुष्कळदा जुन्या मोअरच्या किमतीएवढा होतो. त्यामुळे नव्याने आलेल्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे, की दोष बाहेरचा नाही याची खात्री स्वतः केल्याशिवाय ट्रान्समिशन उघडू नये आणि बदलूही नये.

हल्लीच्या बऱ्याच मोअरना हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असते. इंजिनाच्या पुलीवरून निघालेला पट्टा मागच्या बाजूची पुली फिरवतो, त्या पुलीमुळे आतला पंप फिरतो, पंप दाबाखालचे ऑइल हायड्रॉलिक मोटारकडे पाठवतो आणि ती मोटार गिअरमार्फत चाके फिरवते. ही साखळी डोक्यात असली, की ती कुठे तुटली हे शोधणे सोपे जाते.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी आणि मोअर उचलायचा असल्यास नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अटकाव घालावा.

मोअर अजिबात हलत नसेल, तर सर्वांत आधी बायपासचा दांडा पाहावा. इंजिन बंद असताना मोअर हाताने ढकलता यावा यासाठी तो असतो आणि बहुधा मागच्या बाजूला सापडतो. कोणी मोअर ढकलून ठेवला आणि दांडा तसाच राहिला, तर ऑइल चाकांपर्यंत जोर न पोहोचवता नुसते फिरत राहते. त्यानंतर पट्टा पाहावा. तो निसटला आहे का, त्याची कड झिजून चकाकते आहे का, ताण देणारी स्प्रिंग आणि तिची पुली मोकळेपणाने हलतात का, हे तपासावे. पट्टा ठीक असेल, तर मागच्या चाकाच्या मध्यावरचे टोपण काढून एक्सलच्या खाचेतली छोटी चौकोनी चावी पाहावी. ती तुटली, की एक्सल चाकाच्या आत नुसता फिरतो, आणि डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरमुळे, सगळा जोर त्याच मोकळ्या बाजूला जाऊन दुसरे, धड असलेले चाकही उभे राहते. दोन्ही चाके थांबलेली पाहून माणूस ट्रान्समिशनला दोष देतो, आणि बदलायची असते ती बोटाच्या पेराएवढी चावी.

मोअर थंड असताना नीट चालतो आणि अर्ध्या तासाने चढावर दम सोडतो, ही तक्रार वेगळी आणि अधिक गंभीर आहे. तापलेले ऑइल पातळ होते, झिजलेल्या पंपातून ते आतल्या आत गळते आणि दाब टिकत नाही. तरीही पहिली नजर ट्रान्समिशनच्या वरच्या पंख्यावर टाकावी. त्याची पाती मोडलेली असतील किंवा कवचावरच्या पन्हळींमध्ये वाळक्या गवताचा थर बसला असेल, तर उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. हा थर दर हंगामात ब्रशने काढावा. पाण्याचा जोरदार फवारा मात्र सीलवर मारू नये.

पंखा आणि पन्हळी स्वच्छ करूनही फरक पडला नाही, तर ऑइल बदलून पाहणे योग्य ठरते. काही ट्रान्समिशन ‘सीलबंद’ म्हणून विकली जातात, तरी त्यांतली अनेक बाहेर काढून ऑइल बदलता येते. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. चकाकणारे धातूचे बारीक तुकडे निघाले तर आतली झीज पुढे गेली आहे, आणि नव्या ऑइलने ती भरून निघत नाही. कोणते ऑइल घालायचे हे माहितीपुस्तिकेत पाहावे, अंदाजाने भरू नये.

ऑइल भरल्यावर आत अडकलेली हवा काढणे अत्यावश्यक आहे, आणि नेमकी हीच पायरी पुष्कळ जण गाळतात. मोकळ्या, सपाट जागेवर, बायपास उघडा, म्हणजे मोअर हाताने ढकलता येतो त्या स्थितीत, ठेवून, इंजिन मंद गतीवर चालू असताना सीटवर बसून पेडल पुढे आणि मागे सावकाश पाच-सहा वेळा दाबावे. मग इंजिन बंद करून बायपास मिटवावा आणि तीच कृती पुन्हा करावी. घरघर थांबून चाके पेडलला लगेच प्रतिसाद देईपर्यंत हे करत राहावे आणि शेवटी ऑइलची पातळी पुन्हा पाहावी.

एवढे करूनही ट्रान्समिशन बदलायचेच ठरले, तर मोअरच्या मॉडेलवरून मागणी नोंदवू नये. ट्रान्समिशनच्या कवचावर त्याचे स्वतःचे लेबल असते. ते पुसून त्याचा फोटो घ्यावा आणि त्यावरचाच क्रमांक द्यावा, कारण एकाच मॉडेलच्या मोअरमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळे ट्रान्समिशन बसवलेले असू शकते.