कामांच्या तारखा लवचिक असतील तेव्हा अर्जित मूल्य कसे मोजावे

इमारतीच्या बांधकामात पाया, कॉलम आणि स्लॅब यांचा क्रम कोणालाही बदलता येत नाही. मात्र कंपाउंडची भिंत, सेप्टिक टँक, तळमजल्याचा आतील गिलावा किंवा खिडक्यांच्या ग्रिल ही कामे मजूर, साहित्य आणि हवामान पाहून महिना-दीड महिना पुढे-मागे सरकवली तरी इमारत वेळेत पूर्ण होऊ शकते. साइट इंजिनिअरला ही सवड हवीच असते, परंतु प्रगतीचा हिशेब ठेवणाऱ्याला ती अडचणीत टाकते. कारण अर्जित मूल्याची पद्धत 'आजपर्यंत किती काम व्हायला हवे होते' या प्रश्नावर उभी आहे आणि तारखाच लवचिक असतील तर त्या प्रश्नाला एकच उत्तर उरत नाही.

या पद्धतीत तीन आकडे लागतात. आजच्या तारखेपर्यंत जे काम व्हायला हवे होते त्याची अंदाजपत्रकातील किंमत म्हणजे नियोजित मूल्य, जे काम खरोखर झाले त्याची अंदाजपत्रकातीलच किंमत म्हणजे अर्जित मूल्य, आणि त्या कामावर पडलेला खर्च म्हणजे प्रत्यक्ष खर्च. अर्जित मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागले की खर्च निर्देशांक मिळतो आणि नियोजित मूल्याने भागले की वेळ निर्देशांक मिळतो. निर्देशांक १ पेक्षा कमी आला तर खर्च जास्त झाला आहे किंवा काम मागे पडले आहे. लवचिक वेळापत्रकामुळे खर्च निर्देशांकाला धक्का लागत नाही, कारण त्यात नियोजित तारखा येतच नाहीत. सगळी गडबड वेळ निर्देशांकात होते, म्हणून पुढील विवेचनाचा भर त्याच्यावरच आहे.

पहिले पाऊल: बेसलाइन (सुरुवातीला मंजूर झालेले मूळ वेळापत्रक) गोठवणे

काम सरकले की वेळापत्रकातील तारीख बदलायची आणि तीच नवी तारीख नियोजित मूल्यासाठी वापरायची, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. असे केल्यास योजना दर महिन्याला प्रत्यक्षाच्या मागे धावते, वेळ निर्देशांक कायम १ च्या आसपास राहतो आणि उशीर झाला आहे हे अखेरच्या महिन्यापर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या मोठ्या कंत्राटदारांसाठी ३५ निकष लागू केले, तेव्हापासून मागील तारखांचे नियोजन परस्पर बदलू नये हा दंडक या पद्धतीत कायम राहिला आहे. म्हणून दोन वेळापत्रके ठेवावीत: एक चालू, ज्यात कामे हवी तशी सरकतील, आणि दुसरे मंजूर बेसलाइनचे, ज्याला कोणी हात लावणार नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये बेसलाइन जतन करण्याची सोय आहे. एक्सेलमध्ये करायचे असल्यास बेसलाइनचे पान कुलूपबंद करून ठेवावे. कामाची व्याप्ती बदलली, म्हणजे दोन वर्गखोल्या वाढल्या किंवा एखादी बाब वगळली गेली, तरच बेसलाइन सुधारावी आणि त्या सुधारणेची तारीख, कारण व मंजुरी स्वतंत्र नोंदवहीत लिहावी. केवळ उशीर झाला म्हणून बेसलाइन बदलणे योग्य नव्हे.

दुसरे पाऊल: एका रेषेऐवजी दोन रेषा

लवचिक कामाला बेसलाइनमध्ये एकच तारीख न देता दोन द्याव्यात: ते लवकरात लवकर केव्हा सुरू होऊ शकते आणि इमारतीचा शेवट न ढळता ते उशिरात उशिरा केव्हा सुरू झाले तरी चालेल. सर्व कामांची किंमत आधी लवकरच्या तारखांप्रमाणे आणि मग उशिराच्या तारखांप्रमाणे महिनावार वाटली, की नियोजित मूल्याच्या दोन रेषा मिळतात. सुरुवातीला आणि शेवटी त्या एकत्र येतात, मधल्या काळात त्यांच्यात पट्टा तयार होतो. त्याच्या आकारामुळे नियोजनाच्या पुस्तकांत त्याला केळ्याची उपमा दिलेली आढळते. अर्जित मूल्य त्या पट्ट्यात असणे ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

उशिराची तारीख ठरवताना संगणकाने दाखवलेली सवड जशीच्या तशी घेऊ नये. कोकणात कंपाउंडच्या पायाच्या खोदकामाला कागदावर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सवड दिसली, तरी पाऊस सुरू झाल्यावर चर पाण्याने भरतात, बाजू ढासळतात आणि ते काम व्यवहारात थांबते. म्हणून त्याची उशिराची तारीख एकतर मे महिन्यात धरावी, किंवा ते थेट पावसाळ्यानंतर होणार असे मान्य करून ऑक्टोबरमध्ये धरावी. जुलैची तारीख लिहिणे ही स्वतःची फसवणूक आहे. उलट, आतील गिलावा किंवा वायरिंगसारखी छताखालची कामे पावसाळ्यासाठी राखून ठेवता येतात आणि चांगले मुकादम तसे करतातच.

तिसरे पाऊल: काम 'झाले' कधी म्हणायचे

महिन्याभरात संपणाऱ्या छोट्या कामाला पूर्ण झाल्यावरच पूर्ण किंमत द्यावी, तोपर्यंत शून्य. लांबणाऱ्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे वजन आधीच ठरवावे. उदाहरणार्थ, स्लॅबच्या किमतीपैकी सेंटरिंगला (काँक्रीटसाठीचा तात्पुरता साचा व आधार) २५ टक्के, सळ्या बांधण्याला ३५ टक्के आणि काँक्रीट ओतण्याला ४० टक्के, असे वजन अंदाजपत्रक पाहून ठरवता येईल. गिलावा, फरशी, वीटकाम यांसारख्या मोजता येणाऱ्या बाबी मोजमाप पुस्तिकेतूनच घ्याव्यात. 'साधारण ७० टक्के झाले आहे' हे तोंडी उत्तर लवचिक वेळापत्रकात विशेष घातक ठरते, कारण एकाच वेळी अनेक कामे अर्धवट उघडी असतात आणि प्रत्येकातील थोडी थोडी फुगवणूक मिळून मोठा आकडा तयार होतो.

चालू बिलाची रक्कम म्हणजे अर्जित मूल्य नव्हे. बिलात साइटवर आलेल्या साहित्यापोटी आगाऊ रक्कम असू शकते, पण फरशीची पेटी गोदामात पडून असेल तर काम झालेले नसते. प्रत्यक्ष खर्चाच्या बाजूने, घेतलेले पण अजून पैसे न दिलेले सिमेंट धरले पाहिजे आणि बिलातून कापलेली सुरक्षा ठेव खर्चातून वजा करू नये.

चौथे पाऊल: आकडे वाचणे

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेच्या दुमजली इमारतीचे ८० लाखांचे काम १ फेब्रुवारीला सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपायचे आहे. जूनअखेर, म्हणजे पाच महिन्यांनंतर, लवकरच्या रेषेवर नियोजित मूल्य ४६ लाख आणि उशिराच्या रेषेवर ३४ लाख आहे. अर्जित मूल्य ३८ लाख भरले आणि खर्च ४० लाख झाला. खर्च निर्देशांक ०.९५ येतो, हाच वेग राहिला तर एकूण खर्च सुमारे ८४.२ लाखांवर जाईल. ८० लाखांतच काम संपवायचे असेल, तर उरलेले ४२ लाखांचे काम ४० लाखांत करावे लागेल, म्हणजे यापुढे निर्देशांक १.०५ राखावा लागेल.

वेळेच्या बाबतीत लवकरच्या रेषेशी तुलना केली तर निर्देशांक ०.८३ आणि उशिराच्या रेषेशी केली तर १.१२ येतो. एकच निर्देशांक छापलेला अहवाल मी फारसा मनावर घेत नाही तो याचसाठी: रेषा निवडून हवे ते उत्तर काढता येते. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत आणि त्यांच्याखाली तिसरा आकडा, केवळ क्रिटिकल पाथवरील कामांचा, म्हणजे जी लांबली की संपूर्ण इमारतच लांबते अशा कामांचा, लिहावा. त्या कामांना सवड नसल्याने त्यांचे नियोजित मूल्य दोन्ही रेषांवर सारखेच, समजा २८ लाख, असते. आता ३८ लाखांपैकी क्रिटिकल कामे २४ लाखांची आणि सवडीची कामे १४ लाखांची निघाली, तर क्रिटिकल निर्देशांक ०.८६ होतो. एकूण अर्जित मूल्य पट्ट्याच्या आत असूनही इमारत मागे पडली आहे आणि सवडीच्या कामांनी ते झाकले आहे. वरच्या स्लॅबचे सेंटरिंग रखडले म्हणून गवंडी तळमजल्याच्या गिलाव्यावर लावले गेले, तर नेमके हेच चित्र दिसते. गवंड्यांना रिकामे न बसवणे बरोबरच आहे. पण त्या गिलाव्याने स्लॅबचा उशीर भरून निघत नाही, आणि अडचण सुताराची की सळ्यांची हे त्याच आठवड्यात शोधावे लागते.

उशीर महिन्यांत सांगायचा असेल, तर प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक वॉल्ट लिपके यांनी २००३ मध्ये मांडलेली अर्जित कालावधीची रीत वापरावी. आजचे अर्जित मूल्य बेसलाइनच्या रेषेवर कोणत्या तारखेला यायला हवे होते ते पाहायचे. लवकरच्या रेषेवर मेअखेर ३६ लाख आणि जूनअखेर ४६ लाख असतील, तर ३८ लाख ४.२ महिन्यांवर येतात. म्हणजे त्या रेषेच्या तुलनेत काम ०.८ महिना मागे आहे. हीच मोजणी क्रिटिकल कामांच्या रेषेवर स्वतंत्रपणे करावी, कारण शाळा केव्हा मिळणार याचे उत्तर तिथेच आहे.

रुपयांवर आधारलेल्या वेळ निर्देशांकात एक जन्मजात दोषही आहे. काम संपले की अर्जित मूल्य आणि नियोजित मूल्य दोन्ही ८० लाखच होतात, त्यामुळे इमारत तीन महिने उशिरा पूर्ण झाली तरी शेवटी निर्देशांक १ दाखवतो. कामाच्या कालावधीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात, म्हणजे आपल्या उदाहरणात साधारण ऑगस्टनंतर, तो अहवालातून काढून टाकावा आणि अर्जित कालावधी व क्रिटिकल कामांचा आकडा एवढेच ठेवावेत.