शिकारीला आणि कॅम्पवर एकच चाकू न्यायचा तर कुठला घ्यावा

अमेरिकेत राहून पहिल्यांदाच डिअर सीझनला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. (भारतातून वाचत असाल तर शिकारीचा भाग सोडून द्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे, बाकीचं ट्रेकला चालेल.) फोल्डिंग नको, फिक्स्ड ब्लेडच घ्या, कारण बिजागरीत रक्त-चरबी गेली की साफ करता करता नाकी नऊ येतात.

आधी लांबी ठरवा. हरणाचं पोट उघडताना दोन बोटांनी कातडी वर उचलून धरायची आणि धार वरच्या बाजूला ठेवून पातं त्या बोटांमधून हळूहळू पुढे सरकवायचं, टोक आतड्याला नाहीतर मूत्राशयाला लागलं की सगळी घाण मांसावर. मग छातीच्या पोकळीत हात घालून श्वासनलिका कापायची, ती तर न बघता, नुसत्या अंदाजाने. तिथे सात इंची पातं असेल तर स्वतःचंच बोट जायचं. साडेतीन ते साडेचार इंच बास, कांदा चिरायला, दोरी कापायला, काटक्या सोलायलाही तेवढं पुरतं.

आकार ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठ टोकाकडे हलकेच उतरत जाते तो, चाकू बनवणाऱ्या अमेरिकन बॉब लव्हलेसने शिकारीच्या चाकूंमध्ये लोकप्रिय केलेला. बक कंपनीचा ११९ नंबरचा चाकू दिसायला झकास आहे, पण सहा इंची आणि क्लिप पॉइंट, म्हणजे टोकाजवळ पाठ कापल्यासारखी आत गेलेली, त्यामुळे टोक फार अणकुचीदार. गट हुकच्या, म्हणजे पाठीवर पोट उघडायला दिलेल्या धारदार आकड्याच्या, भानगडीत पडू नका, त्यात केस अडकतात आणि त्याला धार लावणं म्हणजे डोक्याला ताप.

आता जाडी, लोक फसतात ते इथेच. व्हिडिओ बघून पाव इंच जाडीचा बेकर बीके२ सारखा दणकट चाकू आणतात, तो लाकूड मस्त फोडतो पण टोमॅटो चिरायला घेतला की चिरडतो, मग कातडं सोलताना काय होणार ते बघा. पाठीला तीन-चार मिलिमीटर, फ्लॅट ग्राइंड, म्हणजे पाठीपासून धारेकडे सपाट निमुळतं होत जाणारं पातं, आणि सरपणासाठी वेगळी छोटी करवत किंवा कुऱ्हाड न्या की सरळ!

स्टील स्टेनलेस घ्या, ४२० एचसी किंवा १२सी२७ या प्रकारचं. १०९५ या कार्बन स्टीलला धार पटकन लागते हे खरंय, पण रक्त पुसायचं राहिलं तर सकाळपर्यंत डाग. एस३०व्ही या महागड्या स्टेनलेसची धार खूप टिकते, फक्त गेली की कॅम्पवर साध्या दगडावर परत आणायला जीव जातो.

मूठ दुकानात ग्लोव्ह्ज घालून धरून बघा, चरबीने हात बुळबुळीत झाल्यावर बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून पुढे थोडा उंचवटा हवाच. रंग भगवा असला तर उत्तम, पाचोळ्यात पडला तरी सापडतो. म्यान साध्या प्लॅस्टिकचं नाहीतर कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं, धुता येतं. चामड्याचं रक्त-पाणी पिऊन बसतं.

एवढं डोकं लावायचं नसेल तर मोरा कंपनीचा ‘कम्पॅनियन’ हा स्टेनलेस चाकू घ्या, चार इंचाच्या आसपास, स्वस्त, पहिल्या सीझनला भरपूर झाला. फक्त तो फुल टँग नाही, म्हणजे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे वर ओंडका हाणून लाकूड फोडत बसू नका. आणि विमानाने जाणार असाल तर चेक-इन बॅगेतच टाका, म्यानात घालून वर जाड कापड गुंडाळून.