स्टुडिओ भाड्यानं घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शूटला जागा मिळत नाही असं आता राहिलेलं नाही. मोरेवाडीला चित्रनगरी आहेच, गावात छोटे स्टुडिओ तासावर मिळतात. पण नवीन पोरं इन्स्टावर चार फोटो बघून ॲडव्हान्स टाकतात आणि शूटच्या दिवशी सकाळी लाईटवाल्यांना फोन करत बसतात. तेच तेच बघून कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जागा एका वेळी बघायची आणि शूट भलत्याच वेळी ठेवायचं. मागं एका टीमनं उद्यमनगरजवळ, म्हणजे कारखान्यांच्या भागात, शेड घेतलं, एका उद्योजकाची मुलाखत होती. जागा बघितली सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, चिटपाखरू नव्हतं, मालक पण म्हणाला एकदम शांत आहे भावा. शूट ठेवलं कामाच्या दिवशी अकराला. पाहुणे बसले, माईक लावला आणि शेजारी लेथ सुरू, मग ग्राइंडर. एक पोरगा जाऊन हात जोडून आला, पण त्यांचा पण धंदा आहे, ते कशाला मशीन बंद ठेवतील. शेवटी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत मिळालं तेवढं रेकॉर्ड केलं, भाडं मात्र अख्ख्या दिवसाचं गेलं. एडिटमधे काढू म्हणतात सगळे, पण पंख्याची घरघर एकसारखी असते म्हणून सॉफ्टवेअरला कमी करता येते, ग्राइंडरचा आवाज वरखाली होतो, तो काढायला गेलं की बोलणारा माणूस डब्यातनं बोलल्यासारखा वाटतो. मी ज्या वारी शूट त्याच वारी, त्याच वेळेला जातो, मधोमध उभं राहून मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करतो आणि तिथंच हेडफोन लावून ऐकतो. पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्यात आवाजाचं काम तिथं घेतच नाही.

दुसरं लाईटचं. १००० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर खातो, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर एकच. तरी लोक एका एक्स्टेंशनवर तीन लावतात, वर मेकअपवाल्या ताईंचा हेअर ड्रायर त्याच लाईनवर, मग एमसीबी (लोड जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच) पडणारच. १६ अँपिअरचे सॉकेट किती आणि एमसीबी बोर्ड कुठं आहे हे मी भाडं विचारायच्या आधी विचारतो. एलईडी असतील तर लोड कमी येतो, पण स्वस्तातले एलईडी व्हिडिओत पट्टे मारतात, कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून आधी बघा.

लांबी मोजा. ८५ एमएमच्या लेन्सनं उभा माणूस पायापर्यंत घ्यायचा तर कॅमेरा उभा धरला तरी निदान सतरा-अठरा फूट मागं लागतो, शिवाय माणसामागं पाच-सहा फूट सोडायचे. पंधरा फुटी खोलीत ते बसत नाही.

हिरवा चुडा घातलेली नवरी हिरव्या पडद्यासमोर उभी करू नका, एडिटमधे हिरवा रंग काढून तिथं दुसरा देखावा टाकतात, मग चुड्याच्या जागी पण तोच देखावा दिसतो. निळा पडदा आहे का विचारा, साडी निळी नसेल तर तोच घ्या.

पांढऱ्या फ्लोअरवर चपला नकोत, रंगाचे पैसे लावतात.

आणि तास कधीपासून मोजणार ते बुकिंगलाच विचारा. बऱ्याच ठिकाणी दार उघडलं की मीटर सुरू. चार तास घेतले तर मी शूट अडीच तासाचंच धरतो, बाकी मांडायला आणि आवरायला. जादा तासाचा रेट, जनरेटर, एसी, डिपॉझिट परत कधी, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतो, ओळखीचा मालक असला तरी.