किशोरवयीनांचे नैराश्य: डिजिटल नोंदी कशा वापराव्यात

१२ वर्षांवरील मुलामुलींकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली तपासणीपूर्वीच टॅबलेटवर, शक्यतो पालकांच्या नजरेआड, भरून घ्यावी आणि ० ते २७ मधील गुण डिजिटल वैद्यकीय नोंदीत आपोआप उतरतील अशी व्यवस्था करावी. १० किंवा अधिक गुणांवर डॉक्टरांना सूचना मिळावी; मात्र नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असल्याने, एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याच्या होकारार्थी उत्तरावर स्वतंत्र इशारा हवा आणि त्याच भेटीत मुलाशी एकांतात बोलणे झालेच पाहिजे. औषध सुरू केल्यास पहिल्या आठवड्यांतील फेरतपासण्या तेव्हाच ठरवून नोंदवाव्यात. मुलाच्या नोंदीतले काय पालकांना ऑनलाइन दिसते, हेही आधीच तपासावे. गोपनीय टिपण घरी वाचले गेले, तर मूल पुन्हा मोकळेपणाने बोलण्याची शक्यता कमीच.